सातवं मडकं

१

रविवारी सकाळी नऊ वाजता हॉलचं कुलूप उघडलं तेव्हा विमानांची मॉडेलं जागच्या जागी होती, रणगाडे होते, बोटभर उंचीचे सैनिकही होते. मोठ्या टेबलाच्या काचेखालचा कागद तेवढा गेला होता.

कागद साधाच, वहीच्या दोन पानांएवढा. पण त्यावर सात गोल काढलेले होते, आणि प्रत्येक गोल म्हणजे मैदानात पुरलेलं बारुदीचं एकेक मडकं. त्यातलं सातवं आदल्या संध्याकाळी भलत्याच ठिकाणी फुटलं होतं.

मी सुमेधा. गाव नाशिक, नोकरी बँकेत, दोन वर्षांपूर्वी बदलीवर बनारसला आले. लष्करातलं मला ओ की ठो कळत नाही. पण माझी मुलगी मुक्ता एनसीसीत आहे, आणि रामनगरच्या बाजूला एका कॉलेजच्या मैदानावर एकाहत्तरच्या युद्धाचा दोन दिवसांचा स्मरणसोहळा होता. म्हणून शनिवारी मी हौसेनं गेले आणि खरं सांगते, मजा आली. निवृत्त झालेलं एक खरंखुरं लढाऊ विमान ट्रेलरवरून आणून उभं केलं होतं, आणि बायका त्याच्या पंखाखाली ऐटीत फोटो काढून घेत होत्या. मीही काढला. हॉलमध्ये मुक्ताला मोठ्या मॉडेलशेजारी उभं करून आणखी एक काढला. मलइयोच्या, म्हणजे इथे थंडीत मिळणाऱ्या दुधाच्या गोड फेसाच्या, गाडीवर दोनदा जाऊन आले.

मग पाच वाजता तालीम झाली. लढाई नदीकाठची होती. मैदानाच्या मधोमध, उत्तर-दक्षिण, निळं प्लास्टिक अंथरून नदी केली होती. पूर्वेच्या काठावर पोती रचून शत्रूची ठाणी उभी केली होती. पश्चिमेच्या काठावर आपले जवान, म्हणजे मुक्ता आणि तिची फौज, पालथे पडलेले. मडकी फुटायची ती पूर्वेला, रिकाम्या ठाण्यांत. चाचणी म्हणून सात नंबरचं बटण दाबलं, आणि स्फोट पश्चिमेला झाला. निनाद नावाच्या मुलापासून दहा फुटांवर माती दुमजली उंच उडाली. त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. तो मडक्याच्या अगदी वर असता तर, हे वाक्य कोणी पुरं केलं नाही.

आता कागदही गेला होता. खेळ दुपारी चारला होता, आणि मुक्ता आपल्या जागेवरून हलायला तयार नव्हती.

"आई, ड्रामा नको करूस ना. सब चेक हो गया है. मी नाही गेले तर लाइनच तुटेल."

मी तिला शेवटची थोबाडीत कधी मारली होती ते मला आठवेना. त्या क्षणी हात शिवशिवत होते.

२

माझ्या वरच्या मजल्यावर वेणीमाधवकाका राहतात. रेल्वेच्या दक्षता विभागात तीस वर्षं काढली, आता निवृत्त. दिवसभर प्लास्टिकच्या विमानांना रंग देत बसतात आणि त्यांच्या हातांना कायम गोंदाचा वास येतो. पाच पिढ्या बालाजी घाटाच्या गल्लीत गेलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी अर्धी हिंदी. हॉलमध्ये त्यांची आठ विमानं मांडलेली होती. मी त्यांना कोपऱ्यात गाठून म्हटलं, "काका, चारच्या आत मला कळलं पाहिजे हे कोणी केलं. मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय, बेटा," ते म्हणाले. "चल, कॅप्टनसाहेबांशी जरा बातचीत करू."

सोहळ्याचा सगळा भार निवृत्त कॅप्टन विश्वजीत घोरपडे यांच्यावर होता. मूळचे साताऱ्याचे. इस्त्री इतकी कडक की बसले तरी घडी मोडत नव्हती. "घातपात आहे," ते म्हणाले. "मडकी शुक्रवारी सूर्योदयाला, भूमिपूजन झाल्यावर लगेच पुरली. मैदान तेव्हा मोकळं होतं, नदी आणि ठाणी दुपारी उभी राहिली. मी पुलावर विमानाच्या ट्रेलरबरोबर अडकलो होतो. पुरणारा दिनानाथ, रामनगरचा आतषबाज. त्यानं नाहीतर दुसऱ्या कोणी सातवं उकरून पलीकडे पुरलं, आणि पकडलं जाऊ नये म्हणून कागद लांबवला."

"दिनानाथ आहे कुठे?" काकांनी विचारलं.

"मिर्झापूरकडे कुठल्याशा लग्नात. फोन बंद. पोलीस शोधताहेत."

"मग बाकीची सहा ठाण्यांखालीच आहेत कशावरून?" मी विचारलं. "तारा कुठे जातात?"

"तारा नदीच्या प्लास्टिकखालून जातात, वरून दिसत नाहीत. बघायचं तर सगळी ठाणी मोडावी लागतील. मॅडम, ऐंशी-ऐंशी वर्षांचे सैनिक येणार आहेत, त्यातले काही पुढच्या वर्षी नसतील. सात नंबरची तार मी काढून टाकली आहे. पश्चिम काठावर रात्रभर पहारा होता."

"कोणी आलं नाही?" काकांनी विचारलं.

"कोणीही नाही. पहाटे आपले शिवराम गुरुजी पूजा करून गेले, तेवढंच."

३

मोठं मॉडेल ऋतुराजनं केलं होतं. विद्यापीठात शिकवतो, पुण्याचा, डोकं कायम तापलेलं. पाच फुटांचं ते रणांगण करायला त्याला आठ महिने लागले, आणि कॅप्टननी पाटीवर त्याच्या नावाऐवजी संस्थेचं नाव लावलं. शुक्रवारी यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती. हॉलची दुसरी किल्ली त्याच्याकडेच होती.

"हो, राग आहे मला," तो म्हणाला. "राग आला तर मी पाटी उपटेन. पोरांच्या अंगाखाली बारूद पुरेन का?"

"कागदावरचा नकाशा तू काढलास?" काकांनी विचारलं.

"कागद घोरपड्यांनी ट्रेस केला माझ्या मॉडेलवरून. घाईत केला. नदी, पाण्याचा बाण आणि सात गोल, एवढंच. दिशा दाखवणारं चक्र माझ्या लाकडी चौकटीवर कोरलेलं आहे, ते त्यांनी घेतलंच नाही. नदी पूर्व बंगालातली, समुद्राकडे जाणारी. मला सगळं पाठ आहे, मी कागद चोरून काय करू?"

काका टेबलाभोवती फिरले. चौकटीवरच्या त्या चक्रापाशी लाकडावर पिवळसर बोट उमटलं होतं. काकांनी वास घेतला. "हळद," ते म्हणाले आणि ऋतुराजकडे वळले.

"काल संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी इथे कोण होतं?"

"निम्मं बनारस होतं. शेवटी गुरुजी होते. मॉडेल बघत उभे होते, मी हाक मारली तरी ऐकू आली नाही. मी दिवे घालवायला मागच्या खोलीत गेलो, परत आलो तोवर निघून गेले होते." ऋतुराजनं छोट्या विमानाचा रिमोट पिशवीत टाकला. चारच्या खेळात त्याचं विमान मैदानावरून तीन फेऱ्या मारणार होतं. तिसऱ्या फेरीला सहाही बटणं एकदम दाबायची, असं ठरलं होतं.

४

शिवराम गुरुजींबद्दल सांगायला हवं. आमच्या काशीतल्या मराठी घरांत देव्हारा कोणत्या भिंतीला लावायचा, मांडवाचं तोंड कुठे ठेवायचं, हे त्यांना विचारल्याशिवाय ठरत नाही. माझ्या भाड्याच्या घरातला देव्हाराही त्यांनीच बसवून दिला, आणि दक्षिणा म्हणून फक्त चहा घेतला. मुक्ता दर रविवारी त्यांच्याकडे स्तोत्रं म्हणायला जाते. बनारसमध्ये तिचा आजोबा म्हणावा असा तो एकच माणूस.

ते पश्चिम काठाच्या टोकाला, दोरीच्या अलीकडे, खुर्चीवर बसले होते. पायाशी पितळेचा रिकामा कलश आणि त्यावर लोटा. चेहरा उतरलेला होता.

"गुरुजी, पहाटे पूजा कसली?" काकांनी विचारलं.

"शांतीची. इथे पोरगं भाजलं ना कालच्याला." ते माझ्याकडे वळले. "मुक्ता आज नाही ना जाणार?"

"जाणार म्हणते."

गुरुजींनी डोळे मिटले. मग माझा हात धरला. त्यांची बोटं गार पडली होती. "जाऊ दे. आता भय नाही. आता काही भय नाही, बेटी."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ते मला समजावत नव्हते, स्वतःला समजावत होते.

काका दोरी ओलांडून काठावरून चालत गेले आणि दहा मिनिटांनी परत आले. "सहा ठिकाणी जमीन ओली आहे," ते हळूच म्हणाले. "सहाही ठिकाणी अक्षता आणि तुळशीचं पान. शांतीचं पाणी चहूकडे शिंपडतात, सुमेधा. सहाच जागा निवडून ओतत नाहीत."

५

सव्वातीन झाले होते. चहाच्या टपरीवर काकांनी माझा फोन मागितला. मुक्ताच्या फोटोत काचेखालचा तो कागद स्पष्ट दिसत होता. त्यांनी टेबलावर काडी ठेवून नदी केली, आणि शेंगदाण्यांची मडकी मांडायला लागले. मैदानावर लाऊडस्पीकर सुरू झाला होता. कॅडेट रांगेत उभे राहत होते आणि मला त्या सगळ्या टोप्यांमधून एकच टोपी शोधायची होती.

"अरे!" काका म्हणाले. "हे बघ, सातवा दाणा. निनादच्या अगदी बगलेला."

"म्हणजे?"

"म्हणजे मडकं कोणी हलवलंच नाही. कागदात आहे तिथेच फुटलं."

मी वाकून बघितलं. "काका, तुम्ही फोन उलटा धरलाय."

"उलटा कसा? हा बाण बघ. उत्तर इकडे."

"तो बाण पाण्याचा आहे. ऋतुराज म्हणाला ना, पाण्याचा बाण."

"तेच म्हणतो मी. पाणी इकडे जातंय, म्हणजे उत्तर इकडे."

"का म्हणून? आमच्याकडे रामकुंडाशी गोदावरी दक्षिणेला वाहते. आणि ही नदी तर समुद्राकडे चाललीय, दक्षिणेलाच जाणार."

काकांचा शेंगदाणा धरलेला हात तसाच राहिला. हळूहळू त्यांच्या कपाळावर घाम आला. डिसेंबरात.

"पाच पिढ्या," ते म्हणाले. "पाच पिढ्या आम्ही गंगा उत्तरेला जाताना पाहतोय. लहानपणी रस्ता चुकलो तर बाबा सांगायचे, पाणी बघ, जिकडे जातंय तिकडे उत्तर. मी विचारसुद्धा केला नाही, सुमेधा. हाताने आपोआप फिरवला." त्यांनी फोन सरळ केला. सात गोल काडीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेले. "साताऱ्याचा माणूस असा कागद धरणार नाही. पुण्याचाही नाही. हा बनारसमध्ये जन्मलेल्या माणसाचा हात आहे."

"दिनानाथ?"

"दिनानाथ आतषबाज आहे, नकाशा बघून काम करणारा नाही. तो कोणालातरी विचारणार. शुक्रवारी सूर्योदयाला मैदानावर भूमिपूजनाला कोण होतं? या गावात दिशा कोणाला विचारतात? चौकटीवरच्या चक्रावर हळदीचं बोट कोणाचं?"

मी उठलेच होते.

गुरुजींनी नाकारलं नाही. काकांनी कागद मागितला तेव्हा त्यांनी तो उपरण्याच्या घडीतून काढून दिला.

"दिनानाथ म्हणाला, 'पंडितजी, उत्तर केहर हौ?' कागदात उत्तर कुठे, ते विचारत होता. मी कागद हातात घेतला आणि फिरवून दिला. रोज संकल्पात म्हणतो, उत्तरवाहिनी, उत्तरवाहिनी. पन्नास वर्षं." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "काल मडकं फुटलं तेव्हाच मनात आलं. हॉलमध्ये जाऊन चक्र बघितलं आणि समजलं. बाकीच्या जागा सापडाव्यात म्हणून कागद घेतला. सातही मडकी या काठावर पुरली आहेत, पोरांच्या खाली."

"आणि तुम्ही गप्प बसलात!" मी ओरडले.

"कॅप्टनना सांगायला सकाळी गेलो होतो. ते म्हणाले, नंतर, पंडितजी. मग... मग धैर्य नाही झालं. सगळं गाव म्हणेल, गुरुजींना दिशा कळत नाही. पण बेटी, मी पहाटेच पाणी ओतलं. सहाही जागी. बारूद भिजली. आता बटण दाबलं तरी काही होणार नाही."

चारला दोन मिनिटं असताना मला रडू आलं, आणि ते सुटकेचं होतं हे मी कबूल करते. काकांनी मान हलवली. "तरी कॅप्टनना सांगू या," ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दुपारपासून ते ज्याला लावत होते तो दिनानाथ. लग्नघरी आत्ता कुठे चार्जर मिळाला होता. काकांनी स्पीकर चालू केला.

"बारूद भीगी होगी न, दिनानाथ? ऊपर से पानी डाला है."

पलीकडून हसू आलं. "अरे साहेब, रामलीला का काम करते हैं हम. आधी लीला बरसात में होती है. मुँह पर मोम, ऊपर से पन्नी. आप मटका गंगाजी में डुबो दीजिए, तब भी बोलेगा."

गुरुजी मैदानाकडे बघत खुर्चीतून उठले.

मैदानावर शिट्टी वाजली. ऋतुराजचं विमान उडालं होतं.

६

बटणांचं टेबल नदीच्या उत्तर टोकाला होतं, आमच्यापासून दीडशे पावलांवर. लाऊडस्पीकरवर तोफांचे आवाज लावले होते. काका कॅप्टनना फोन लावत होते, तो वाजत असेलही, कोणाला ऐकू जाणार? विमान पहिली फेरी मारून गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मुक्ता माझ्यापासून चाळीस पावलांवर पालथी पडली होती. तिच्या कोपराशी मला तुळशीचं हिरवं पान दिसत होतं. मी तिच्याकडेच धावले. आई दुसरं काय करणार?

"सुमेधा, नको!" काका ओरडले. "एकटी मुक्ता नाही तिथे! टेबल! टेबल गाठ!"

मी थांबले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती म्हणून कोणी विचारलं तर मी हीच सांगेन. मी माझ्या मुलीकडे पाठ केली आणि तिच्यापासून दूर पळाले.

दुसरी फेरी डोक्यावरून गेली. साडी पायात येत होती, ती मी गुडघ्यापर्यंत खोचली. लोक हसत होते, खेळातलाच भाग आहे असं समजून कोणीतरी व्हिडिओ काढत होतं. मी ओरडत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. टेबलापाशी कॅप्टन आकाशाकडे बघत उभे होते, दोन्ही हातांची बोटं बटणांवर. विमान पलीकडच्या झाडांवरून वळलं. तिसरी फेरी.

काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. टेबलाखाली गाडीची बॅटरी होती, तिच्यातून दोन जाड तारा वर गेल्या होत्या. मी तिथे जाऊन आदळले आणि दोन्ही हातांनी त्या तारा उपटल्या. माझ्या डोक्यावर बटणांचा कटकट आवाज झाला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मी डोळे मिटून मोजले.

काही झालं नाही. विमान निघून गेलं. मग पश्चिमेच्या काठावरून पोरांचा "भारत माता की जय" ऐकू आला, आणि त्यात मुक्ताचा चिरका आवाज मला ओळखू आला. मी तशीच जमिनीवर बसून राहिले.

सहाही मडकी दुसऱ्या दिवशी बाहेर काढली, सगळी पश्चिमेच्या काठावरची. तोंडावरचं मेण फोडून पाहिलं, आतली बारूद कोरडी ठणठणीत. कॅप्टननी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली आणि ऋतुराजची पाटी लावली. पोलिसांना गुरुजींनी स्वतःच जाऊन सगळं सांगितलं. आपल्या तोंडून, एकही शब्द न वगळता.

मडकी काढताना मी उभी होते. पाच ठिकाणी जमीन वरवर ओली होती, वीतभर खाली कोरडी. मुक्ताच्या जागेवर मात्र माणसाचा पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला. मी काकांना विचारलं, असं का?

"पाच जागी त्यांनी लोट्याने पाणी घातलं," काका म्हणाले. "इथे भरलेला कलश आणून रिकामा केला. दोनदा. पहारेकऱ्यानं पाहिलं. हापशावर परत जाऊन भरून आणला."

म्हणजे ती मुक्ताची जागा आहे हे त्यांना पहाटेच माहीत होतं.

पुढच्या रविवारी मुक्ता त्यांच्याकडे स्तोत्राला जायला निघाली. मी अडवलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. दारातून तिनं विचारलं, "आई, गुरुजींना काही सांगू?"

"सांग," मी म्हटलं. "दोन कलश पाणी घातलंत तुम्ही माझ्या मुलीसाठी, ते मी विसरणार नाही. पण मी सकाळी तुमच्यासमोर उभी होते, गुरुजी. तुम्ही माझा हात धरला होता."

मुक्तानं उंबऱ्यात चपला घातल्या. मग म्हणाली, "हे तू सांग, आई," आणि पायऱ्या उतरून गेली.